खापर भट्टीवर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

पोलादी रिंग तापवून तेलात गार केल्यावर काय होतं, यावरचं तुझं प्रेझेंटेशन काल रात्री सगळं वाचून काढलं. आई म्हणाली, पोरीच्या पीएचडीचे परीक्षक तुम्हीच का? लाल-निळी चित्रं झकास आहेत, पण मी अडकलो सुरुवातीच्याच पानावर. तुमच्या ब्रेमेन विद्यापीठात २००१ ते २०११ एवढा मोठा प्रकल्प नुसत्या डिस्टॉर्शनवर, म्हणजे माल वाकडा होण्यावर चालला, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि निष्कर्ष काय, तर जॉब (म्हणजे भट्टीत घातलेला भाग) वाकतो याला एकटी हीट ट्रीटमेंट जबाबदार नाही. पोलाद ओतताना झालेलं सेग्रिगेशन (घटक सगळीकडे सारखे न पसरणं), फोर्जिंग, लेथवर टर्निंग करताना राहिलेला ताण हे सगळं पोटात घेऊनच जॉब भट्टीत येतो आणि तापला की बाहेर काढतो. अगं, भोसरीत आपल्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये बसून हेच मी पार्ट्यांना, म्हणजे गिऱ्हाइकांना सांगत आलोय. ऐकतो कोण? माल शेवटी आमच्या दारातून जातो, म्हणून डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, आमच्या नावावर.

रिंगांचं त्यांनी दाखवलंय ते तर मी डोळ्यांनी बघितलेलं. कार्बुरायझिंग करून (भट्टीत पृष्ठभागात कार्बन मुरवून) आलेली रिंग सरफेस प्लेटवर ठेव, बारीक फरक दाखवणारा डायल लाव आणि हळूहळू फिरव. सुई एका फेऱ्यात तीनदा वर जाते, तीनदा खाली. का? तर लेथवर तिला तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकनं आवळलं होतं. आवळलेली असताना गोल कापली, सोडल्यावर ती मागे सरकली, आणि आतला उरलेला ताण भट्टीत सुटला. भट्टीला काय तीन हात असतात? आता हा तुमचा निकाल छापून ऑफिसात लावणार आहे.

१९५९ सालचं ते कॉइस्टिनेन-मारबर्गरचं सूत्रही कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या थरात, कार्बन जास्त, म्हणून मार्टेन्साइट (गार होताना बनणारी कडक रचना) सुरू व्हायचं तापमान बरंच खाली येतं. ते १५० अंश धरलं तर जॉब २५ अंशांपर्यंत गार झाला तरी पाव भाग ऑस्टेनाइट (तापलेल्या पोलादाची रचना) तसाच उरतो. गाभ्याला ४०० धरलं तर उरतो जेमतेम दीड टक्का. सब-झिरोचा, म्हणजे जॉब शून्याखाली गार करून उरलेला ऑस्टेनाइट बदलण्याचा, खर्च काही पार्ट्या का करतात, ते असं आकड्यात कधी मांडून बघितलं नव्हतं. एवढंसं सूत्र, पण कामाचं आहे.

आता खटकलं ते. तेलात उष्णता जाण्याचा गुणांक तू रिंगच्या सगळ्या अंगांना सारखा घेतलास. आधी वाफेचा पडदा, मग उकळी, मग नुसतं तेल फिरणं, हे टप्पे बरोबर आहेत. पण आडव्या ठेवलेल्या रिंगच्या खालच्या अंगाला वाफ अडकून बसते. बास्केटच्या कडेच्या रिंगला फिरतं तेल मिळतं, मधलीला शेजारणींनी तापवलेलं. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये रिंग एकच आणि तिच्या दिमतीला अख्खी टाकी! हे भाग्य आमच्याकडे कुठल्या रिंगच्या नशिबात नाही. म्हणून तुझं चित्र इतकं देखणं, सगळीकडून सारखं आलंय. तुझ्या सरांना हे विचार. ते म्हणतील गुणांक पुस्तकातून घेतला. पुस्तकातलं तेल नवं असतं, आमचं वापरून काळं झालेलं, आणि पंपाच्या बाजूला जोर जास्त. टाकीवरचा आमचा माणूस हे ओळखून बास्केट भरतो. त्याला गुणांक शब्द माहीत नाही.

दिवाळीला येणारच आहेस, तर मोजूनच घेऊ. सुट्टीनंतर भट्टी पेटवली की आतल्या वायूंचं वातावरण स्थिर होईपर्यंत आम्ही डमी जॉबच फिरवतो. त्यात तुझ्या रिंगा लावू. सील्ड क्वेंचमध्ये (तेलाची टाकी आतच असलेल्या बंद भट्टीत) थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या वायरी बाहेर काढणं अवघड, म्हणून पिट फर्नेसवर (वरून उघडणाऱ्या खड्ड्याच्या भट्टीवर) करू. होइस्टनं उचलून तेलात सोडताना वायर मोकळी राहते. एक थर्मोकपल कडेच्या रिंगला, एक मधलीला, आणि मधलीच्या खालच्या अंगाला आणखी एक.

२०एमएनसीआर५ पोलादाचा बार शिल्लक आहे. अर्ध्या रिंगा तीन जॉच्या चकवर टर्न करून घेतो, अर्ध्या पूर्ण गोलाई धरणाऱ्या सॉफ्ट जॉमध्ये. थर्मोकपलचा व्यास आणि भोकाची खोली लवकर कळव. कार्बुरायझिंग होऊन जॉब कडक झाला की ड्रिल चालत नाही, भोकं आधीच पाडावी लागतील.

तुझा,
बाबा