रिपोर्ट नॉर्मल, पण धडधड थांबेना

महोदय,

मी मिरजेत प्राथमिक शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिताना मध्येच ठोका चुकल्यासारखं होतं, पाठोपाठ छातीत जोराचा धक्का बसतो आणि हातातला खडू थांबतो. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. "काही नाही, टेन्शन घेऊ नका," एवढ्यावर बोळवण झाली. मग घरचेही म्हणू लागले, तुझ्या मनाचे खेळ आहेत. रात्री डाव्या कुशीवर वळलं की उशीत ठोके ऐकू येतात, ते मनाचे कसे?

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावलं. साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांची नोंद घेतो. तेव्हा धडधड नसेल तर त्यात दिसणार काय? त्यांनी २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं, ठोक्यांची सतत नोंद ठेवणारं छोटं यंत्र, लावला. त्यात वेळेआधी पडणारे जादा ठोके सापडले. निरोगी हृदयातही ते पडतात, बहुतेकदा निरुपद्रवी असतात. हे कळल्यावर धडधड गेली नाही, भीती मात्र पुष्कळ उतरली. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर अजिबात थांबायचं नाही, हेही त्यांनीच बजावलं.

हे पहिल्याच भेटीत का सांगत नाहीत? पाळी जाण्याच्या वयातल्या कितीतरी बायकांना अशी धडधड होते आणि त्या गप्प बसतात. होल्टरची सोय तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांतही व्हावी, अशी आरोग्य विभागाला माझी कळकळीची विनंती आहे.

– एक शिक्षिका, मिरज