केळीच्या खोडाचा कागद शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या आठवीच्या मुलांसोबत तुम्ही केळीच्या खोडाचा कागद केलात, त्याबद्दल मनापासून आभार. समोर असताना तुम्ही आभार मानू देत नाही, म्हणून चारचौघांत लिहितेय.

रावेरकडच्या पोरांना केळीच्या खोडाचं कसलं नवल! घड उतरला की खोड कापायचं आणि बांधावर टाकायचं. तुम्ही त्याच खोडाचे सोपट सोलले, बोथट सुरीनं खरवडले आणि आतला पांढरा धागा एकेकाच्या हातात दिलात. तोडून दाखवा म्हणालात. ओढून ओढून बोटं लाल झाली, धागा काही तुटेना. हा धागा ज्या पदार्थाचा बनलेला असतो त्याचं नाव, सेल्युलोज, तुम्ही त्यानंतर उच्चारलंत. मला सगळ्यात भावलं ते हेच.

साध्या पाण्यात का शिजवत नाही, असं एकीनं विचारलं, तर तुम्ही दोन पातेली चढवलीत. साध्या पाण्यातले तुकडे चिवटच राहिले. धुण्याच्या सोड्यातले मऊ पडले, पाणी तपकिरी झालं. धाग्यांना एकत्र धरणारं लिग्निन सोड्यासारख्या आम्लारीत सुटू लागतं, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. उकळत्या पातेल्याजवळ कुणाला फिरकू न देता ढवळायचं काम तुम्ही स्वतःकडे ठेवलंत, त्याचे वेगळे आभार.

मग हळदीच्या पट्ट्या. लगदा कुठवर धुवायचा? पट्टी लाल व्हायची थांबेपर्यंत, म्हणजे लगद्यातला सोडा निघून जाईपर्यंत. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरोघरी दिसतं. त्याचं कारण मुलांना त्या दिवशी उमगलं.

डिंक न घालता कागद धरतो कसा, यावर तर वर्गात वादच झाला. तुम्ही वाळलेल्या कागदाचा तुकडा पाण्यात घोळवून परत लगदा करून दाखवलात, तेव्हा धाग्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे आणि पाण्यात सुटणारे हायड्रोजन बंध समजावणं मला किती सोपं गेलं! पाहुणे येतात, भेटकार्डं करून घेतात, फोटो काढून जातात. तुम्ही कागदाच्या देखणेपणाची फिकीर केली नाहीत, मुलांच्या प्रश्नांची केलीत.

आता मुलांना मक्याच्या कणसांची सालं शिजवायची आहेत. सोडा किती घ्यायचा यावरून वर्गात दोन तट पडलेत आणि मी मुद्दामच काही सांगितलेलं नाही. सवड झाली की कळवा. शनिवारची सकाळची शाळा सोयीची पडेल.

आपली,
मुलांची विज्ञानाची बाई