एकदा विकलेल्या रोजनिशी-ॲपवर वार्षिक वर्गणी लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : २०१८ साली एकरकमी किंमत देऊन घेतलेल्या रोजनिशी-ॲपमधील सुविधा नव्या अपडेटनंतर वर्गणी न भरणाऱ्यांसाठी बंद केल्याबाबत.

महोदय / महोदया,

मी आपल्या रोजनिशी लिहिण्याच्या ॲपची २०१८ सालापासूनची ग्राहक आहे. त्या वर्षी ॲपलच्या ॲप स्टोअरवरून मी आपली ‘पूर्ण आवृत्ती’ विकत घेतली, तेव्हा खरेदीच्या पडद्यावर ‘एकदाच पैसे भरा, सर्व सुविधा कायमच्या मिळवा’ असे आपणच लिहिलेले होते. त्याच सुमारास वर्गणीवर चालणारी, दिसायला अधिक देखणी अशी दोन ॲप्स मी वापरून पाहिली होती आणि केवळ या एका वाक्यामुळे ती बाजूला ठेवून आपले ॲप निवडले होते. रोजनिशी जितकी जुनी होते तितकी ती मोलाची होत जाते; तेव्हा ती अशा जागी असावी जिथे आपल्याच नोंदी चाळायला दर वर्षी नव्याने तिकीट काढावे लागणार नाही, एवढाच माझा साधा हिशेब होता.

गेल्या महिन्यात ॲप रात्रीतून आपोआप अपडेट झाले आणि सकाळी उघडले तेव्हा नोंदींच्या जागी वर्गणीचा पडदा उभा होता. तो कसाबसा बाजूला सारल्यावर लक्षात आले की जुन्या नोंदी वाचता येतात, नवी नोंद लिहिताही येते. मात्र नोंदींमध्ये शोध घेणे, एका नोंदीला एकाहून अधिक छायाचित्रे जोडणे, फोनवरची रोजनिशी टॅबलेटवर उघडणे आणि संपूर्ण रोजनिशी पीडीएफ किंवा साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढणे, या चारही कामांवर कुलपाचे चिन्ह आले आहे. ही चारही कामे मी इतकी वर्षे विनासायास करत होते आणि २०१८च्या जाहिरातीत त्यांचा नावानिशी उल्लेख होता. मी ‘खरेदी पूर्ववत करा’ हे बटण दाबून पाहिले, तर ‘सक्रिय वर्गणी आढळली नाही’ असे उत्तर आले. माझी पावती ईमेलमध्ये आहे, स्टोअरच्या खरेदी-इतिहासातही आहे. ती फक्त आपल्या ॲपला दिसेनाशी झाली आहे.

याबाबत मी आपल्या मदत-कक्षाला दोनदा लिहिले. पहिल्या वेळी ‘नव्या योजनेत आपले स्वागत आहे’ असा साचेबंद मजकूर आला. दुसऱ्या वेळी, जुन्या ग्राहकांबद्दलच्या कृतज्ञतेपोटी मला एक वर्षाची वर्गणी मोफत देऊ केली जात असून, मी ती घेतल्यास त्यानंतर ती नेहमीच्या दराने आपोआप सुरू राहील, असे कळवण्यात आले. हा दर मी पूर्ण आवृत्तीसाठी एकदाच भरलेल्या रकमेच्या जवळपास दीडपट आहे. जी वस्तू माझ्याच मालकीची म्हणून मला विकली, तीच मला वर्षभर फुकट वापरू देण्याला कृतज्ञता हा शब्द कसा लागू पडतो, हे मला समजलेले नाही.

या पत्राचा हेतू वर्गणी या पद्धतीलाच विरोध करण्याचा नाही, हे आधीच सांगते. ॲप एकदा बनवून सोडून देता येत नाही, याची मला जाणीव आहे. २०१७च्या सप्टेंबरमध्ये आयओएस ११ ही आयफोनची नवी प्रणाली आली आणि जुनी ३२-बिट ॲप्स एका फटक्यात चालेनाशी झाली, तेव्हा मी पैसे देऊन घेतलेले एक शब्दकोडे-ॲपही त्यात गेले, कारण ते सुधारून द्यायला त्याच्या निर्मात्याकडे ना वेळ होता ना उत्पन्न. दर वर्षी फोनची नवी प्रणाली येते, पडद्यांचे आकार बदलतात, स्टोअरच्या अटी बदलतात, आणि या सगळ्याशी जुळवून घेणाऱ्या माणसांना पगार द्यावा लागतो. संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी आवृत्ती जुन्या ग्राहकांना सवलतीत विकण्याची रीत वर्षानुवर्षे होती. ॲप स्टोअरने तशी सवलतीची नवी आवृत्ती विकण्याची सरळ सोय दिलीच नाही, त्यामुळे विकसकाला एक तर सारे काही फुकट सुधारत राहावे लागते किंवा वेगळ्या नावाने नवे ॲप काढावे लागते. त्यातच २०१६ साली ॲपलने सर्व प्रकारच्या ॲप्सना वर्गणीची मुभा दिली आणि एखादा ग्राहक वर्षभराहून अधिक काळ टिकला तर स्टोअरचे कमिशन तीस टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर येईल असे ठरवले. एवढे झाल्यावर वर्गणीकडे ओढा वाढला नसता तरच नवल. आपण नव्या ग्राहकांकडून वर्गणी घेत असाल तर त्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की जे विकले गेले आहे ते विकले गेले आहे. पुढच्या कामासाठी पुढचे पैसे मागावेत, मागच्या कामाचे पैसे दुसऱ्यांदा मागू नयेत. बंद केलेल्या चार सुविधांपैकी एकही नवी नाही आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांतल्या एकीवरही आपला रोजचा खर्च होत नाही. शोध फोनमध्येच चालतो. इंटरनेट पूर्ण बंद ठेवून मी तो कित्येकदा वापरला आहे, म्हणजे त्यासाठी आपल्या सर्व्हरला हातही लावावा लागत नाही. दोन उपकरणांमधली जुळवणी माझ्या स्वतःच्या आयक्लाउड खात्यातून होत होती आणि त्या साठवणुकीचे पैसे मी दरमहा वेगळे भरते. पीडीएफ तयार होते तीही माझ्याच फोनच्या प्रोसेसरवर. आपण नव्याने आणलेली, लिहिलेल्या नोंदींचा आपोआप सारांश काढणारी सोय आपल्या सर्व्हरवर चालत असेल, तर तिच्यासाठी अवश्य वर्गणी लावा. मला ती नको असल्याने मी ती घेणार नाही, आणि आपल्यालाही माझ्यासाठी काही खर्च येणार नाही.

यांतही बाहेर काढण्याच्या सुविधेवरचे कुलूप मला सर्वांत गंभीर वाटते, आणि खरे तर त्यामुळेच मी हे पत्र लिहायला बसले. शोध नसेल तर मी पाने उलटत बसेन, छायाचित्र एकच जोडता आले तर एकच जोडेन. परंतु सात वर्षांच्या जवळपास अडीच हजार नोंदी, त्यांत आईच्या आजारपणातले दिवस आहेत, मुलीचे पहिले शब्द आहेत, हे सारे बाहेर नेण्याची वाटच आपण पैशांवर अडवली आहे. एकेक नोंद उघडून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवणे हा मार्ग उरतो, असे आपल्या मदत-कक्षाने मला सुचवले. दिवसाला वीस नोंदी या गतीने त्याला चार महिने लागतील आणि त्यात तारखा आणि छायाचित्रांची सांगड तुटेल ती वेगळीच. ग्राहकाने आवडीमुळे थांबणे आणि सामान आत अडकल्यामुळे थांबणे यांत फरक आहे. जी कंपनी बाहेरचे दार उघडे ठेवते तिच्याकडे मी स्वतःहून पैसे भरले असते, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

आपण आपल्या योजनेला ‘वर्गणी’ हा शब्द वापरता म्हणून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मी अनेक वर्षे मासिकांची वर्गणीदार होते. वर्गणी संपली की नवे अंक यायचे थांबत. मागचे अंक कपाटातून काढून न्यायला कधी कोणी आले नाही. आपल्या योजनेत मात्र वर्गणी थांबताच मागच्या अंकांचे कपाटही बंद होते.

ही केवळ माझी भावना नाही. ॲपलच्या ॲप-तपासणीच्या नियमावलीत, चालू ॲप वर्गणीवर नेताना जुन्या ग्राहकांनी आधीच पैसे देऊन घेतलेली मुख्य सुविधा काढून घेऊ नये, अशी स्पष्ट सूचना आहे. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये नोटॅबिलिटी या टिपणांच्या ॲपने जवळजवळ आपल्यासारखाच निर्णय घेतला होता, म्हणजे जुन्या ग्राहकांना एक वर्ष आणि मग वर्गणी. ग्राहकांनी आवाज उठवताच काही दिवसांत तो निर्णय मागे घेऊन जुन्या खरेदीदारांच्या सुविधा कायम ठेवण्यात आल्या. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबी कंपनीने २०१३ साली यापुढे फक्त वर्गणीच असे जाहीर केले, त्यावर टीकाही भरपूर झाली, पण त्या निर्णयाने कोणाची आधी विकत घेतलेली सीएस ६ची, म्हणजे तिच्या शेवटच्या एकरकमी आवृत्तीची, प्रत बंद पडली नाही. जेटब्रेन्स या प्रोग्रॅमरांसाठी साधने बनवणाऱ्या कंपनीने २०१५ साली वर्गणी आणली तेव्हा ग्राहकांच्या नाराजीनंतर अशी तरतूद केली की सलग बारा महिने वर्गणी भरणाऱ्याला एक आवृत्ती कायमची वापरता येईल, पुढे वर्गणी भरली नाही तरीही. म्हणजे विकसकाचे पोट आणि ग्राहकाचा हक्क या दोन्हींची सोय करणारे मार्ग उपलब्ध आहेत आणि ते आपल्यालाही ठाऊक असणार.

संगणकाच्या काळात निदान जुनी प्रत अपडेट न करता तशीच ठेवण्याचा पर्याय होता. आयफोनवर मर्जीने ॲपच्या आधीच्या आवृत्तीवर परतण्याची सोय ग्राहकाला नाही. त्यामुळे अपडेटच्या माहितीत ‘किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा’ एवढेच लिहून आपण जो बदल पाठवला, तो नाकारण्याची संधीच मला मिळाली नाही. असा बदल करायचा होता तर आधी कळवणे, किमान रोजनिशी बाहेर काढून घ्यायला मुदत देणे, हे आपले कर्तव्य होते.

वर्गणीच्या पडद्याच्या रचनेबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. त्यावर ‘महिन्याला फक्त’ म्हणून मोठ्या अक्षरांत जो आकडा दिसतो तो वार्षिक रकमेला बाराने भागून काढलेला आहे. महिन्याने पैसे भरण्याची सोय मात्र कुठेच नाही आणि खरी, एकदम कापली जाणारी रक्कम तळाशी फिकट अक्षरांत आहे. पडदा बंद करण्याची फुली काही सेकंद उमटतच नाही. माझ्या वडिलांनी याच पडद्यावरून सात दिवसांची मोफत चाचणी सुरू केली, नको वाटले म्हणून ॲप फोनवरून काढून टाकले आणि विषय संपला असे समजले. ॲप काढले तरी वर्गणी रद्द होत नाही, ती फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते, हे त्यांना वर्षाची रक्कम खात्यातून गेल्यावर कळले. ती रक्कम नंतर स्टोअरकडे अर्ज करून परत मिळाली, त्यामुळे तिच्याबद्दल येथे मागणी नाही. पण चाचणी सुरू करतानाच ॲपने ही एक सूचना ठळकपणे दिली असती तर तो सारा व्याप टळला असता.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. २०१८ची माझी खरेदी ओळखून वर उल्लेखिलेल्या चारही सुविधा माझ्या खात्यावर, आणि माझ्याप्रमाणे पूर्ण आवृत्ती घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाच्या खात्यावर, कोणत्याही मुदतीविना पूर्ववत कराव्यात. रोजनिशी बाहेर काढण्याची सुविधा तर ज्याने कधी एक पैसाही भरला नाही अशा ग्राहकालाही मोफत असावी, कारण मजकूर त्याचा आहे. चारही सुविधा परत देणे काही कारणाने शक्य नसेल तर ते कारण लेखी कळवावे, मी भरलेली पूर्ण रक्कम परत करावी आणि त्याआधी मला माझ्या सर्व नोंदी छायाचित्रांसह एकत्रित स्वरूपात द्याव्यात. मला देऊ केलेले मोफत वर्ष मला नको आहे, ते माझ्या खात्यावर जोडू नये. त्याच्या शेवटी आपोआप होणाऱ्या नूतनीकरणावर नजर ठेवण्याची जबाबदारी मला नको आहे.

याखेरीज एक सूचना आहे, ती मान्य करण्याचे बंधन अर्थातच आपल्यावर नाही. आजच्या आवृत्तीला ठरावीक किंमत लावून तीसोबत एक वर्षाच्या सुधारणा द्याव्यात. वर्षानंतर ज्याला नव्या सुधारणा हव्यात त्याने पुन्हा पैसे भरावेत आणि ज्याला नकोत त्याने हातातली आवृत्ती वापरत राहावे. स्केच या आरेखनाच्या सॉफ्टवेअरने २०१६ साली अशी पद्धत स्वीकारली होती. ॲप स्टोअरच्या चौकटीत ती हुबेहूब बसवणे अवघड आहे याची मला कल्पना आहे, पण नव्या सुविधांचे संच ॲपमधल्या ॲपमध्ये एकरकमी विकता येतात, आणि असा एखादा चांगला संच आपण आणला तर तो घेणाऱ्या पहिल्या काही ग्राहकांत मी असेन. गेली सात वर्षे मी हे ॲप ओळखीच्या अनेकांना सुचवत आले आहे, हेही आपण विचारात घ्यावे.

या पत्राचे उत्तर माझ्या नोंदणीकृत ईमेलवर पंधरा दिवसांच्या आत, आपल्या अधिकृत प्रतिनिधीच्या नावानिशी मिळावे, अशी अपेक्षा आहे. साचेबंद उत्तर आल्यास किंवा उत्तरच न आल्यास मी हे पत्र पावतीसह ॲप स्टोअरकडे नियमभंगाची तक्रार म्हणून आणि त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे पाठवीन. तोपर्यंत दिवसाला वीस नोंदी उतरवून घेण्याचे काम मी सुरू केले आहे. आज सकाळपर्यंत २०१८चा ऑक्टोबर पूर्ण झाला आहे.

आपली,
२०१८पासूनची एक ग्राहक

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, २०१८च्या खरेदी-पडद्याचे आणि सध्याच्या वर्गणी-पडद्याचे छायाचित्र, मदत-कक्षाशी झालेल्या दोन्ही पत्रव्यवहारांच्या प्रती.