धंदा बंद पडला, हिशोब बाकी आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोघांनी मिळून काढलेला धंदा बसला की जो तो मोकळा, अशी पक्की समजूत आहे. मग एक जण जुन्याच लेथवर जॉबवर्क घेऊ लागतो आणि वह्यांचं विचारलं की ‘बघतो’ म्हणतो. भागीदारी अधिनियम, १९३२ असं मोकळं सोडत नाही. खरा हिशोब आणि पूर्ण माहिती देणं कलम ९ नुसार बंधनकारक आहे. विसर्जनानंतरही, म्हणजे भागीदारी मोडल्यावरही, आवराआवरीपुरती ही बांधिलकी टिकते (कलम ४७). तोवर फर्मचं नाव लावून तोच धंदा करणाऱ्याला किंवा फर्मची मालमत्ता स्वतःसाठी वापरणाऱ्याला कलम ५३ खाली कोर्टातून रोखता येतं. वेगळ्या नावाने, स्वतःच्या मशीनवर तेच काम सुरू केलं तर मात्र हे कलम कामाला येत नाही. बरेच दावे इथेच घसरतात.

कागदावर ‘जॉइंट व्हेंचर’ लिहिलंय, भागीदारी नाही, हा बचावही लंगडा. नफा वाटून घ्यायचा आणि एकाने सर्वांच्या वतीने धंदा चालवायचा, असं ठरलं असेल तर कोर्ट प्रत्यक्ष व्यवहार बघतं, मथळा नाही. (प्रायव्हेट लिमिटेड काढली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे संचालकाचं कर्तव्य कंपनीशी असतं.)

खरी भांडणं कलम ४८ च्या क्रमावरून होतात: आधी बाहेरची देणी, मग भागीदाराने फर्मला दिलेली उसनवार, मग भांडवल. समजा, अ चं भांडवल ६ लाख, ब चं २ लाख, नफा-तोटा निम्मा-निम्मा. अ ने वर १ लाख उसने दिलेत. सगळं विकून ५ लाख आले, व्यापाऱ्यांचे २ लाख देणे. ते आणि अ ची उसनवार फेडून उरले २ लाख. म्हणजे ८ लाखांच्या भांडवलात ६ लाखांची तूट, प्रत्येकी ३ लाख. ब चे २ लाख बुडालेच, शिवाय त्याला खिशातून १ लाख घालावे लागतात. अ ला भांडवलापैकी ३ लाख मिळतात. ‘माझे दोन गेले, संपलं’ म्हणणाऱ्या ब ला हे कुणी आधी सांगत नाही.

फर्म नोंदवलेली नव्हती म्हणून दावाच चालणार नाही, हेही खरं नाही. महाराष्ट्राने १९८४ मध्ये कलम ६९ (२अ) घालून अशा दाव्याची वाट बुजवली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं. विसर्जित फर्मच्या हिशोबाचा दावा नोंदणीशिवायही करता येतो, पण विसर्जनापासून तीन वर्षांच्या आत. मुदतीची अट नसलेली भागीदारी लेखी नोटिशीने मोडते. नोटिशीत तारीख नसेल तर ती पोचली तो दिवस धरतात, म्हणून पोचपावती जपा.

नोटिशीबरोबरच बँकेलाही पत्र द्या, की यापुढे दोघांच्या सहीशिवाय पैसे काढू देऊ नयेत. मालाची यादी दोघांच्या सह्यांनी त्याच आठवड्यात करावी. महिनाभराने गोदामात काय होतं यावर साक्षीदारही भांडतात. भागीदारी मोडल्याची जाहीर नोटीस टाळू नका. ती निघेपर्यंत दुसऱ्याने फर्मच्या नावावर उचललेल्या उधारीला तुम्हीही जबाबदार असता (कलम ४५).

आपला,
एक वकील, सांगली