बिल पास करताना हजेरीही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरमध्ये सरकारी इमारतींच्या डागडुजीची निविदा सरकारी दरसूचीपेक्षा (एसओआर) २०-२५ टक्के कमी दराने गेली, की पैसे वाचले म्हणून कौतुक होते. ते वाचतात कुठून? १०० रुपयांच्या कामात माल ५५, मजुरी ३० आणि ठेकेदाराचा नफा-वरखर्च १५ धरा. निविदा २५ टक्के कमी म्हणजे हाती ७५. सिमेंट-सळईचा भाव बाजार ठरवतो. नफा-वरखर्चावर पूर्ण पाणी सोडले तरी १० रुपये कमी पडतात. ते मजुरीतूनच निघतात, म्हणजे मजुरीचा तिसरा हिस्सा गेला.

कागद मात्र चोख असतात. गिलावा करणारा मिस्त्री नोंदवहीत बेलदार म्हणजे साधा मजूर म्हणून, अकुशल दराने लागतो. २६ दिवस राबलेल्याची हजेरी १६ लावली, की दिलेली कमी रक्कम किमान वेतनाशी बरोबर जुळते. शिवाय वर्षात ९० दिवसांचे काम दाखवता आले नाही, तर झाबुआ-आलीराजपूरहून आलेल्या त्या मजुराची बांधकाम कामगार कल्याण मंडळातली नोंदणीही अडते. त्याच मंडळासाठी बिलातून एक टक्का उपकर कापलेला असतो!

ही चोरी मापवहीवरून, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या वहीवरून (एमबी), पकडता येते. १२ मिलिमीटर जाडीचा सिमेंट गिलावा एक मिस्त्री दिवसाला साधारण १० ते १५ चौरस मीटर करतो. एमबीत ६०० चौरस मीटर चढले असतील, तर मिस्त्रींच्या ४० ते ६० हजेऱ्या दिसायलाच हव्यात. १५ दिसल्या तर बिल थांबवावे. राजवाडा, गांधी हॉलसारख्या जुन्या वास्तूंत चुन्याचे काम थर आवळेपर्यंत थांबत करावे लागते, तिथे हजेरी आणखी जास्त हवी. ते जाणणारा कारागीर बेलदाराच्या मजुरीवर टिकत नाही. मग चुन्यात सिमेंट कालवून काम उरकतात, ओल भिंतीत कोंडते आणि गिलावा पोपडे धरून सुटतो.

ठेकेदाराने मजुरी बुडवली तर काम देणाऱ्या खात्याने ती चुकती करून त्याच्या बिलातून कापावी, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही आहे. तेव्हा काम चालू असताना निघणाऱ्या प्रत्येक बिलाला हजेरीपत्रक आणि बँकेत जमा झालेल्या मजुरीची यादी जोडणे सक्तीचे करावे. माप घ्यायला अभियंता साइटवर जातोच. त्याच फेरीत मुकादमाला बाजूला ठेवून चार मजुरांना दिवसाची मजुरी किती मिळते, महिन्यात किती दिवस भरले आणि एटीएम कार्ड कोणाकडे आहे, एवढे विचारावे.

— एक स्थापत्य अभियंता, इंदूर