आईचा 'वात' गोळीतून आला होता

मा. संपादक,

माझी आई रक्तदाबासाठी दीड वर्ष हायड्रालाझिनची गोळी घेत होती. दिवाळीच्या सुमारास तिच्या बोटांचे सांधे सुजले, अंगात कसकस राहू लागली, खोल श्वास घेतला की छातीत कळ यायची. 'वय झालं' म्हणत तीन महिने आम्ही तेल चोळत बसलो, याची मला आजही रुखरुख आहे. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं मागून पाहिली. रक्तात हिस्टोनविरोधी प्रतिपिंडं सापडली. औषधजन्य ल्युपस, म्हणजे औषधामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणं!

डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो, ती प्रथिनं म्हणजे हिस्टोन. हायड्रालाझिन टी-पेशींच्या (शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) डीएनएवरच्या मिथाइल खुणा, म्हणजे जनुकांना गप्प ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, कमी करतं. मग गप्प राहायची जनुकं जागी होतात आणि राखणदार पेशी घरच्यांवरच उठतात, असं मानलं जातं. ज्यांच्या यकृतात या औषधाचं अ‍ॅसिटिलेशन (औषध निकामी करणारी रासायनिक प्रक्रिया) सावकाश होतं, त्यांना धोका अधिक. गोळी बदलल्यावर दोन महिन्यांत आईने पुन्हा हाताने भाकरी थापली.

क्षयावरच्या आयसोनियाझिडनेही क्वचित असं होतं. कृपया कोणीही गोळी परस्पर बंद करू नये. पण नवी सांधेदुखी सुरू झाली, तर चालू औषधांची पाकिटं डॉक्टरांपुढे जरूर ठेवा.

– एक निवृत्त शिक्षिका, वाई