वकीलकाका, फाइली न्यायला शनिवारी येते

आदरणीय वकीलकाका,

कोर्टनाक्याजवळचं ऑफिस महिनाअखेरीस बंद करताय, हे तुमच्या ज्युनियरकडून कळलं. फोनवर आभार मानायला गेले तर ‘बरं बरं, हजेरीचं मस्टर नीट ठेवताय ना?’ म्हणून तुम्ही फोन ठेवाल. म्हणून लिहिते, आणि चारचौघांसमोर लिहिते. ‘मालकांचा वकील’, म्हणजे कामगारांच्या खटल्यांत कंपनीची बाजू मांडणारा, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो, तो तुम्ही नव्हेत.

आपली गाठ पडली २०१४ मध्ये. बाबा गेल्यावर नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीतला प्रेस शॉप, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून काढायचा कारखाना, माझ्या अंगावर पडून जेमतेम वर्ष झालं होतं. एका ऑपरेटरने चहाच्या सुट्टीत सुपरवायझरच्या कानाखाली वाजवली आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्याला गेटवरच अडवलं. चार्जशीट नाही, चौकशी नाही. कन्सिलिएशन, म्हणजे समेटाची बोलणी, फेल होऊन प्रकरण ठाण्याच्या लेबर कोर्टात गेलं, तेव्हा तुमच्याकडे आले. ‘चाळीस जणांनी बघितलंय, चौकशी कसली करायची?’ मी विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘जजसाहेब होते का त्या चाळिसांत?’

मग मस्टर मागितलंत. लाल पेन्सिल घेऊन पानं उलटत बसलात, मी समोर चहा गार करत. सहा वर्षं तो माणूस आमच्याकडे ‘टेंपररी’ होता, आणि दर सात महिन्यांनी त्याच्या नावापुढे आठ-दहा कोऱ्या चौकटी. ब्रेक. २४० दिवस भरून कायमपणाचा हक्क लागू नये म्हणून. बाबांच्या वेळची पद्धत, मी डोळे झाकून चालवलेली. असे आणखी अकरा जण निघाले. कामगारांना वर्षानुवर्षं हंगामी ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ‘कानाखालीची केस मी लढतो. ह्या कोऱ्या चौकटींची नाही लढणार.’

मी भडकले. फी मी देतेय की युनियन, असंही बोलले. तुम्ही फाइलीची नाडी बांधून ती माझ्यापुढे सरकवलीत. मी तडक वाशीला दुसऱ्या एका वकिलाकडे गेले. तिथे ‘मस्टर नवीन लिहून घेऊ’ ऐकलं आणि पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमच्या दारात. तुम्ही आदल्या दिवसाचा विषयही काढला नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. तेव्हाच्या, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखालच्या दाव्यात समोरच्या पक्षाची संमती आणि कोर्टाची परवानगी असल्याशिवाय वकिलाला उभं राहता येत नसे. युनियनच्या प्रतिनिधींनी तुमच्या वकीलपत्राला हरकत घेतली नाही. नंतर कधीतरी मी त्यांना कारण विचारलं. म्हणाले, ‘ते असले की खोटं मस्टर येत नाही, आमचा निम्मा वेळ वाचतो.’

कन्सेंट टर्म्स झाल्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड. निम्मे बॅकवेजेस (बाहेर असलेल्या काळाचा पगार), एक इन्क्रिमेंट बंद, माणूस कामावर परत, आणि वर्षभरात अकराच्या अकरा जण कायम. तेव्हा फार महाग वाटलं होतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो तुमचा कारखान्यातला पहिला फेरफटका. तुम्ही प्रेस बघितल्या नाहीत. पॅकिंगच्या बायकांपाशी थांबलात आणि विचारलंत, ‘बायकांच्या संडासाची किल्ली कोणाकडे असते?’ ती सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये असायची. सहा बायका दिवसातून दोनदा-तीनदा एका पुरुषापुढे हात पसरून किल्ली मागत होत्या. मी बाई असून मला हे दिसलं नव्हतं, कारण माझ्या केबिनला स्वतंत्र बाथरूम. संध्याकाळपर्यंत बाहेरचं कुलूप गेलं, आतून कडी आली. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची अंतर्गत समिती त्यानंतर बसवलीत. ‘आधी कडी, मग समिती,’ असा तुमचा क्रम.

आणि ग्रॅच्युइटी! आमच्या एका जुन्या फिटरची बायको नवरा गेल्यावर आली, तेव्हा वर्षाला पंधरा दिवसांचा पगार मोजताना क्लार्कने महिन्याचा पगार तीसने भागला होता. बेसिक आणि डीए मिळून तेरा हजार, नोकरी बावीस वर्षं. तुम्ही सव्वीसने, म्हणजे कामाच्या दिवसांनी, भागायला लावलंत. १,४३,००० चे १,६५,००० झाले. बावीस हजारांसाठी तुम्ही क्लार्कला अर्धा तास झाडलंत, आणि मला बिलही लावलंत! फी तुम्ही कधी एक रुपयानेही कमी केली नाहीत, हे इथे नमूद करते.

तुम्ही कंपन्यांसाठी माणसं कमीही केलीत, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडेही मंदीत नऊ जण गेले. पण नोटीस पे आणि वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे भरपाईचा चेक हातात पडेपर्यंत तुम्ही एकाचीही सही घेऊ दिली नाहीत. त्यातले दोघे आजही दिवाळीला येतात. सात येत नाहीत.

शनिवारी अकराच्या सुमाराला टेम्पो घेऊन येते, आमच्या फाइली न्यायला. लाल खुणांचं ते मस्टर गठ्ठ्यात बांधू नका, मी हातात घेऊन जाईन.

तुमची,
रबाळ्याची प्रेस शॉपवाली